वरून सिलिकॉनची रेघ मारून भागतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की बाथटबच्या ड्रेनखालच्या बारीकशा गळतीसाठी मी राईचा पर्वत केलाय, ड्रेन उघडायची गरजच नव्हती, तुम्ही वरून रिंगभोवती सिलिकॉन फिरवलं, ट्रॅपच्या (ड्रेनखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप) नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि दहा मिनिटांत गळती थांबली. शिवाय "प्लंबर लोकांचं दुकान चालवताय का" हा टोमणा. तो राहू द्या बाजूला.

गळती थांबली की दिसायची थांबली, हे तुम्ही खाली बघितलंत का? कारण वर जी चकचकीत रिंग दिसते ती टबच्या भोकातून खाली जाऊन एल्बोच्या (टबच्या बुडाखालचा काटकोनी वळणाचा पाईप) आट्यांत बसते, आणि तिथे सील दोन असतात, एक रिंगच्या कॉलरखाली पुटीचं (फट बुजवायचा कणकेसारखा मऊ लगदा) किंवा सिलिकॉनचं, दुसरं टबच्या बुडाखाली जाड रबरी वायसरचं. नुसतं वरचं सील गेलं असेल तर तुमची रेघ काही दिवस काम करेल, मान्य. पण वायसर कडक होऊन तडकला असेल तर? टब रिकामा होताना, त्यातही ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा चिकटा बसून पाणी संथ जात असेल, तर एल्बो गच्च भरतो आणि पाणी आतूनच आट्यांमधून वर चढून वायसरपाशी बाहेर येतं. तुमच्या रेघेला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि साबणाचा थर नीट न काढता लावलेलं सिलिकॉन तसंही नखाने सोलून निघतं, करून बघा.

टेफ्लॉनचं तर अजूनच सोपं आहे, ट्रॅपच्या त्या नटाचे आटे पाणी अडवतच नाहीत, अडवतो तो आतला निमुळता वायसर, नटाचं काम फक्त त्याला दाबून धरायचं. टेप कितीही गुंडाळा, वायसर उलटा बसला असेल तर ठिबकणारच (निमुळती बाजू नटाकडे नाही, सांध्याच्या आत जायला हवी). आणि नट पान्याने आवळून आवळून प्लॅस्टिकला चीर पाडणारेही कमी नाहीत.

एक मुद्दा तुमचा बरोबर आहे, सगळ्यांच्या टबखाली हात जाईल एवढी जागा नसते आणि टाइल फोडायची कुणाला हौस आहे. अशा वेळी निदान रिंग वरून आट्यातून काढा, जुनी पुटी खरवडून जागा कोरडी करा आणि नवीन पुटी कॉलरखाली घालून परत बसवा, नुसती बाहेरून रेघ मारू नका. अ‍ॅक्रिलिकचा टब असेल तर पुटीऐवजी सिलिकॉन, कारण पुटीतलं तेल काही प्लॅस्टिकना खातं, आणि मग 24 तास तरी पाणी सोडू नका. फक्त रिंग जाम असेल तर जोर लावू नका, खाली एल्बो धरायला कुणी नसताना ती फिरवली तर अख्खा एल्बोच फिरतो आणि पुढचा सांधा सुटतो, मग बारीक गळतीची मोठी होते.

पण हे सगळं नंतर. आधी खाली डोकावता येत असेल तर एल्बोभोवती आणि ट्रॅपच्या प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू ठेवा, बूच लावून ओव्हरफ्लोच्या भोकाच्या (जादा पाणी निघून जायला टबच्या वरच्या बाजूला असतं ते) खालपर्यंत टब भरा आणि तासभर थांबा. एल्बोजवळचा टिश्यू तेवढ्यातच ओला झाला तर वरचं सील गेलंय, पाणी सोडल्यावर ओला झाला तर वायसर, नटाखालचा झाला तर तो सांधा. दोन्ही वेळेला कोरडा आणि तुम्ही आत उभे राहिल्यावर ओला, तर टबचं बूड लवतंय (150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो, वर तुम्ही), तिथे सिलिकॉन काय आणि पुटी काय, आधी बुडाला आधार द्यावा लागेल. ओव्हरफ्लोपर्यंत भरल्यावरच गळत असेल तर त्या भोकावरच्या प्लेटमागचा वायसर बघा, ड्रेनला हातही लावू नका.

टिश्यू कुठल्या वेळी ओला झाला ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.