‘नाही’वर टिचकी मारा

अभिनंदन! व्हर्जिनियातल्या एका संरक्षण कंत्राटदाराकडे तुमची नोकरी पक्की झाली. आता राहिला फक्त सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे अमेरिकी सरकारची गुप्त माहिती हाताळायचा परवाना. शंभराहून जास्त पानांचा एसएफ-८६ अर्ज भरता भरता तुम्ही विभाग २३ पाशी अडलात: गेल्या ७ वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का?

घेतलेत. कॉलेजात तीन-चारदा गांजा. पण ‘हो’ म्हटलं की पहिला झुरका कोणत्या महिन्यात, शेवटचा कधी, एकूण किती वेळा, पुढे ओढणार का, एवढं सगळं भरावं लागतं. ‘नाही’ला एक टिचकी पुरते. वेळ वाचवा.

त्या विभागाच्या सुरुवातीचा मजकूर मात्र वाचू नका. इथली खरी उत्तरं तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, असं तिथे लिहिलंय. हे अभय खऱ्या उत्तरांना. खोट्यासाठी केंद्रीय दंडसंहितेचं कलम १००१ आहे: ५ वर्षांपर्यंत कैद. कॉलेजातल्या जुन्या गांज्यावर स्वतःच्या सहीचा ताजा गुन्हा चढवायची अशी सोय दुसरीकडे कुठे मिळणार?

विभाग २२ पोलिसांचा. इथे बऱ्याच प्रश्नांना ७ वर्षांची मर्यादा आहे, पण दारू किंवा ड्रग्जचा आरोप आयुष्यात कधीही लागला असेल तरी सांगावा लागतो. तुमचे वकील म्हणाले होते ना, कोर्टाने रेकॉर्ड पुसलंय, आता कुणी विचारलं तर बिनधास्त ‘नाही’ म्हणा? त्यांचंच ऐका. ते दुकानातल्या नोकरीबद्दल बोलत होते, हे मनातही आणू नका. सीलबंद असो वा पुसलेलं, सगळं लिहा, असं अर्ज बजावतो. सूट आहे ती केंद्रीय कायद्याखालच्या एका ठरावीक आदेशापुरती. बोटांचे ठसे एफबीआयकडे जाणारच आहेत, पण तुमचं नशीब थोर.

खोटं एकट्याने निभत नाही, तेव्हा मंडळी जमवा. तुम्हाला ओळखणाऱ्यांची नावं तुम्हीच अर्जात दिलीत. तपास अधिकारी त्यांना भेटेल आणि त्यांच्याकडून आणखी नावं काढेल. जुना रूममेट, शेजारी, घटस्फोटित बायको, सगळ्यांना तुमचं उत्तर पढवून ठेवा. बायकोला आधी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक सुधारायची घाई नको. २०१७ पासून क्लिअरन्सचा निर्णय सीड-४ या सरकारी आदेशातल्या १३ निकषांवर होतो. ‘एच’ निकष ड्रग्जचा. वापर जुना असेल, तुरळक असेल, पुन्हा शिवणार नाही असं लेखी दिलं असेल, तर प्रकरण बऱ्याचदा तिथेच मिटतं. छे, मग मजा काय? ‘ई’ निकषात या! तो वर्तनाचा, म्हणजे खोटेपणाचा. अधिकाऱ्याने पुरावा दाखवायच्या आत स्वतःहून खरं सांगितलंत तर त्याचा विचार होतो, म्हणून कागद टेबलावर येईपर्यंत गप्प बसा.

पहिल्या वेळी खपलंच, तर काही वर्षांनी पॉलिग्राफवाल्या (म्हणजे खोटं पकडायच्या यंत्रावर बसवणाऱ्या) वरच्या पदासाठी अर्ज करा आणि तिथे घाबरून सगळं ओका. मग दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले जातात. क्लिअरन्स हातात असताना ओढला असेल तर उत्तमच; त्या प्रश्नाला ७ वर्षांची मर्यादाच नाही. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, हे अधिकाऱ्याला जरूर ऐकवा. क्लिअरन्स कोलोरॅडो नव्हे, केंद्र सरकार देतं, हे त्याला नव्यानेच कळेल.

आईबाबांना कळेल म्हणून लपवत होतात? अर्ज त्यांना कुणी दाखवणार नव्हतंच. नोकरी गेल्याचं मात्र रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगावं लागेल.

हे सगळं उघड झालं की क्लिअरन्स का देऊ नये, याच्या कारणांचं पत्र येतं. संरक्षण खात्याच्या प्रकरणात उत्तराला २० दिवस; शंका राहिली तर तिचा फायदा तुम्हाला नाही, देशाच्या सुरक्षेला. नकारानंतर किमान वर्षभर थांबा आणि पुन्हा अर्ज करा. विभाग २५ मध्ये विचारलंय, क्लिअरन्स कधी नाकारला गेलाय का? शेजारी ‘नाही’चा चौकोन आहेच.