पोपनं वाळीत टाकलं की राजाची गादी गेली? तो फॉरवर्ड जरा तपासून बघू

एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या शाळेच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: युरोपात जो राजा देवधर्म मानायचा नाही त्याला पोप धर्मातून हाकलायचा, हाकललं की त्याच दिवशी गादी जायची, आणि इंग्लंडचा राजा हेन्री आठवा, त्यानं घटस्फोट मागितला म्हणून पोपनं त्याला हाकललं मग त्यानं चिडून स्वतःचं चर्च काढलं. खाली हात जोडलेले इमोजी. यातलं जवळपास काहीच धड नाहीये.

आधी ते "धर्मातून हाकलणं". एकदा बाप्तिस्मा झाला की तो पुसता येत नाही असं चर्चच मानतं, त्यामुळे धर्म काढून घ्यायचा प्रश्नच नाही. आपला शब्द लावायचा तर वाळीत टाकणं. कम्युनियन (चर्चमधला प्रसादाचा विधी) बंद, लोकांनी संबंध तोडायचे, तसाच मेला तर चर्चच्या जागेत दफन नाही. आणि पश्चात्ताप केला की परत आत घ्यायचं, हेही त्यातच आलं. प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं करणं ही वेगळी घोषणा, कधी सोबत यायची कधी नाही.

बरं, कारण काय असायचं? जर्मनीचा राजा हेन्री चौथा घ्या. तो काही नास्तिक नव्हता, भांडण होतं बिशप, म्हणजे एकेका भागातल्या चर्चचे प्रमुख, कोणी नेमायचे यावरून. बिशप म्हणजे नुसता पूजापाठवाला नाही हो, जमिनी, महसूल, सैनिक सगळं त्याच्या हाताखाली, म्हणून राजाला आपला माणूस हवा आणि पोपला आपला. 1075 मध्ये हेन्रीनं मिलानला स्वतःचा आर्चबिशप बसवला, पोप ग्रेगरी सातव्यानं दम भरला, हेन्रीनं उलट बिशपांना जमवून पोपलाच पायउतार व्हायला सांगितलं, आणि मग फेब्रुवारी 1076 मध्ये बहिष्कार पडला. जर्मन सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याचं तर अजून भारी, 1227 मध्ये त्याच्यावर बहिष्कार का, तर क्रुसेडला (जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला) निघाला आणि आजारी पडून परत फिरला म्हणून! पुढच्या वर्षी तो बहिष्कृत असतानाच गेला आणि लढाई न करता तहात जेरुसलेम घेऊन आला.

आता "त्याच दिवशी गादी गेली". हेन्री चौथ्याची गेली नाही, पण डळमळली जरूर, कारण जर्मन सरदारांना त्याला खाली खेचायचंच होतं, पोपनं आयतं निमित्त दिलं. सरदार म्हणाले वर्षाच्या आत बहिष्कार उठवून आण, नाहीतर तू आमचा राजा नाहीस. म्हणून भर हिवाळ्यात बायको आणि लहान पोराला घेऊन हा आल्प्स ओलांडून इटलीत पोपकडे निघाला, बर्फावरून बायकांना बैलांच्या कातड्यावर बसवून खाली ओढलं असं त्या काळचा बखरकार लॅम्बर्ट लिहितो. जानेवारी 1077 मध्ये कानोसाच्या किल्ल्याच्या दारात तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या साध्या कपड्यात उभा. बरेच जण यालाच पोपचा विजय म्हणतात, पण मला तर हा हेन्रीचा डाव वाटतो, कारण दारात पश्चात्ताप करत उभ्या माणसाला धर्मगुरू नाही म्हणणार कसा? ग्रेगरीला माफ करावंच लागलं. 1080 मध्ये पुन्हा बहिष्कार घातला तेव्हा त्याचा फारसा परिणाम झाला नाही, 1084 मध्ये हेन्रीनं रोम घेतलं, आपला पोप बसवला आणि ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोला परागंदा अवस्थेत वारला.

फ्रान्सचा राजा फिलिप पहिला, परक्या माणसाची बायको घरात ठेवून वर्षानुवर्षं बहिष्कृत होता, गादीवर मात्र मरेपर्यंत. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ 1570 च्या बहिष्कारानंतर 33 वर्षं राज्य करून गेली.

राहिला हेन्री आठवा. त्यानं घटस्फोट मागितलाच नव्हता, माझी राणी कॅथरिन ही माझ्या भावाची विधवा, तेव्हा आमचं लग्न मुळात झालंच नाही असं जाहीर करा ही मागणी होती. पोप क्लेमेंट सातवा अडला कारण कॅथरिनचा भाचा सम्राट चार्ल्स पाचवा, ज्याच्या सैन्यानं 1527 मध्ये रोम लुटून याच पोपला किल्ल्यात कोंडलं होतं. 1533 मध्ये क्लेमेंटनं बहिष्काराची शिक्षा सुनावली पण लगेच लागू न करता मुदत दिली, 1534 मध्ये हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होऊन बसला, आणि बहिष्कार खरा जारी झाला डिसेंबर 1538 मध्ये, पुढचा पोप पॉल तिसरा याच्या हातून, हेन्रीनं कँटरबरीतली संत बेकेटची समाधी फोडल्यावर. तोवर कॅथरिन आजारपणात गेली होती, आणि जिच्यासाठी एवढं सगळं केलं त्या अ‍ॅन बोलिनचं मुंडकं त्यानं स्वतःच उडवायला लावून अडीच वर्षं झाली होती.