राजवाड्यातली कॉफी आणि बारा युरोंचे पेडवे

मागच्या महिन्यात मामांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी एका राजवाड्याच्या गच्चीवर कॉफी पीत होते. समुद्र दाखवावा म्हणून मोबाइल जरा फिरवला आणि तिथेच चुकलं. शिरोड्याहून मामा ओरडले, "थंय राजवाड्यात कॉफी पितंस आणि हंय आमका शिकवतंस?"

जुन्या किल्ल्या-वाड्यांत हॉटेलं काढावीत की नाहीत, हे आमचं भांडण २०१९ पासूनचं. त्या सप्टेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्यातले पंचवीस किल्ले हेरिटेज हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं देणार अशी बातमी आली. एकच गदारोळ झाला. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला आणि विषय मिटला. म्हणजे वर्तमानपत्रांत मिटला. आमच्या घरच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी ढासळलेल्या तटबंदीचा फोटो टाकतं आणि पुन्हा जुंपते. मामांचं म्हणणं, आज किल्ल्यात हॉटेल, उद्या देवघरात बार. मामेभावाचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. त्याच्या मते जे जे पडीक ते ते देऊन टाकावं. आणि मी लिस्बनमध्ये बसून दोघांनाही "इकडे बघा कसं करतात" म्हणून लिंका पाठवते. परदेशात राहणाऱ्यांची ही खोड. मलाही आहे, कबूल.

तर हा राजवाडा. पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व प्रांत, त्यात पोर्तिमांव नावाचं बंदर, आणि बंदराच्या तोंडाशी प्राया दा रोशा हा किनारा. तिथे कड्यावर १९१८ साली एका धनिकानं उन्हाळ्यात राहायला म्हणून ही वास्तू बांधली. नाव बेला विश्ता, म्हणजे सुंदर देखावा. राजा इथे कधी राहिला नाही. इथले लोक अशा घराला 'पलासेत' म्हणतात, छोटा महाल. १९३० च्या दशकात त्याचं हॉटेल झालं, बरीच वर्षं चाललं, मग २०११ मध्ये डागडुजी करून नव्यानं उघडलं. आतला लाकडी जिना, रंगवलेल्या टाइल्स, रंगीत काचा जागच्या जागी. तळमजल्यावरच्या 'विश्ता' रेस्तराँला २०१८ च्या गाईडमध्ये मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम जेवणाचा मान, मिळाला. आता लोक खोलीसाठी कमी आणि जेवणासाठी जास्त येतात.

त्या गच्चीवरून बघताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, राजवाडा वाचला, पण रस्ता वाचला नाही. दोन्ही बाजूंना पर्यटनाच्या पहिल्या लाटेत उठलेले सिमेंटचे टॉवर आहेत. मधे हे एकटं घर, लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या पणजीसारखं. त्याला स्वतःचं पोट भरता आलं म्हणून ते टिकलं. समुद्राकाठच्या इमारतीला दरवर्षी पैसा लागतो, कारण खारी हवा आधी लोखंडात शिरते, मग चुन्यात. जिथे तो पैसा कुठून येणार हे ठरलेलं नसतं, तिथे पाटी लागते: 'ही वास्तू संरक्षित आहे'. त्या पाटीलाही गंज चढलेला आपण सगळ्यांनी बघितलाय.

दुसरी गोष्ट खाली वाळूत दिसत होती. कॉफीचे पैसे देणारी मी वर, आणि घरून डब्यात जेवण आणलेलं एक कुटुंब बरोबर माझ्या खाली, फुकट. थोडेफार जुने खासगी हक्क सोडले तर पोर्तुगालचा किनारा १८६४ च्या राजाज्ञेपासून सार्वजनिक मालकीचा आहे. खाटा-छत्र्या भाड्यानं मिळतात, पण वाळूवर चटई टाकायला कुणाला विचारावं लागत नाही. पंचतारांकित हॉटेलच्या पायथ्याशी माणूस कलिंगड कापून खातोय आणि कुठलाही वॉचमन शिट्टी मारत नाही, हे बघून मला मिशेलिनच्या ताऱ्यापेक्षा जास्त कौतुक वाटलं. भरतीच्या रेषेखालचा किनारा आपल्याकडेही सगळ्यांचाच. फक्त तिथपर्यंत जाणारी पायवाट एखाद्या सकाळी कुंपणाच्या आत गेलेली असते.

मामांना मी हे सांगायला लागले की ते म्हणतात, "तुमच्या गोऱ्यांना कसला इतिहास, दारू विकायची झालं." तेव्हा मी त्यांना पेनिशची गोष्ट सांगितली. पेनिशचा किल्लाही समुद्रावरचाच, लिस्बनच्या उत्तरेला. सालाझारच्या हुकूमशाहीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आल्वारू कुन्याल हे कम्युनिस्ट नेते १९६० च्या जानेवारीत नऊ साथीदारांसह तिथूनच निसटले. २०१६ मध्ये सरकारनं 'रिवाइव' नावाची योजना काढली: पडीक किल्ले, मठ, वाडे खासगी लोकांना ठरावीक वर्षांच्या करारानं द्यायचे, मालकी सरकारची, दुरुस्ती त्यांची, बदल्यात हॉटेल चालवा. पहिल्या यादीत पेनिश होता. जुने कैदी, त्यांची मुलंबाळं, साधे लोक सगळे उठले. जिथे माणसांना छळलं तिथे स्पा काढणार? त्याच वर्षी किल्ला यादीतून बाहेर काढावा लागला. २०२४ च्या २७ एप्रिलला तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण उघडलं. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला तिथले कैदी सुटले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पेनिश काढून घेतला, पण योजना गुंडाळली नाही. एल्व्हास गावातल्या जुन्या मठात २०१९ मध्ये हॉटेल सुरू झालंच. प्रत्येक भिंतीला वेगळा न्याय लावला. आपल्याकडे मात्र भांडण असं चालतं की जणू महाराष्ट्रातल्या सगळ्या जुन्या दगडांना मिळून एकच उत्तर द्यायचंय. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, सिंधुदुर्ग यांच्याबद्दल वादच नको, तिथे कुणी चहाची टपरी थाटली तरी मी मामांच्या बाजूला उभी राहीन. रत्नागिरीचा थिबा राजवाडाही तसाच. ब्रह्मदेशचा राजा तीस वर्षं कैदेत होता त्या गावात आणि त्याच राजवाड्यात वारला. त्या घरात कुणाच्या हनीमूनची खोली नको. पण मुरुडला सिद्दी नवाबांचा समुद्राकाठचा राजवाडा आहे. खासगी मालकीचा, आत जाता येत नाही. पर्यटक फाटकापाशी फोटो काढतात आणि जंजिऱ्याच्या होडीकडे वळतात. त्यातल्या एका दालनात उद्या कुणी चांगलं जेवण वाढायला लागलं तर वारसा बुडेल असं मला वाटत नाही.

"मग तेरेखोलात बियर कित्याक प्यालंस?" मामांनी बरोबर पकडलं.

तेरेखोल आमच्या घरापासून जवळ. सावंतवाडीकरांनी बांधलेला किल्ला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून नदीच्या अलीकडे असूनही आज तो गोव्यात. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकावला. आणि मी गेले तेव्हा तिथे सात खोल्यांचं हॉटेल होतं, खोल्यांना वारांची नावं. जिथे लोक लढले किंवा कैदेत राहिले तिथे हॉटेल नको, या माझ्याच नियमानं तिथेही ते नको होतं. मी व्हरांड्यात बसून समुद्र बघितला, बियर प्याले आणि मला अजिबात अपराधी वाटलं नाही. परतताना रेडीचा यशवंतगड लागला. वडाच्या मुळांनी चिरे उचकटलेले, आत वटवाघळं, एका कोनाड्यात कुणीतरी फोडलेल्या बाटल्या. दारू दोन्हीकडे होती. एकीकडे काचा उचलायला माणूस होता, एवढाच फरक. मामांना हे उत्तर पटलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. आल्गार्वच्या हॉटेलांत खोल्या आवरणारे, भांडी विसळणारे कितीतरी जण नेपाळ, बांगलादेश, पंजाबातले. २०२५ मध्ये किमान पगार महिन्याला ८७० युरो होता. असल्या रेस्तराँमध्ये दोघं जेवली तर त्यातला मोठा लचका एका रात्रीत जातो. पोर्तिमांवचा मासेमार तिथे जेवायला जात नाही. म्हणून मीही कॉफीवरच थांबले. कारण तत्त्वाचं नव्हतं, खिशाचं होतं.

पण एका बाबतीत मला आपल्या लोकांना खरंच हलवून सांगावंसं वाटतं. असल्या जागी ताटात गाव असतो. मीठ कुठलं, तर इथल्याच मिठागरातलं, वरवर खुडून काढलेलं, त्याला 'मिठाचं फूल' म्हणतात आणि छोट्या डबीत घालून सोन्याच्या भावात विकतात. मासा कुठला, कुठल्या बंदरातला, तेही सांगतात. आणि आमचं शिरोडं? १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला ती मिठागरं आमच्या दारात. पण किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये जा, मेन्यूत पनीर टिक्का, मंचुरियन आणि शेवटच्या पानावर 'मालवणी थाळी', तीही तिरफळांशिवाय, कारण गिऱ्हाइकाला वास चालत नाही. मामेभावाला मी म्हटलं, तुला राजवाडा मिळाला तरी तू त्यात गोबी मंचुरियन करशील. तो दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं बांगड्याच्या तिखल्याचा फोटो पाठवला, तिरफळं वरून स्पष्ट दिसतील असा.

त्या संध्याकाळी मी राजवाड्यातून उतरून आराद नदीच्या काठी गेले. पोर्तिमांवमध्ये पूर्वी सार्डिन डबाबंद करायचे कारखाने होते. एकाचं आता संग्रहालय झालंय. ऑगस्टात सार्डिनची जत्रा भरते. सार्डिन म्हणजे आपले पेडवे, हे मामांना माहीत नव्हतं. धक्क्याजवळच्या खानावळीत कोळशावर सहा पेडवे, जाडं मीठ, उकडलेले बटाटे, पावाचा तुकडा. पुन्हा कॉल लावला आणि ताट दाखवलं.

"कितीक?"

"बारा युरो. म्हणजे बाराशेच्या आसपास."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. माडाच्या बुंध्यात खत म्हणून टोपल्यांनी पेडवे ओतलेला माणूस तो. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी नीट बघितलं.

"ह्यांची पोटां खंय काढलीत? खवलां पण तशीच आसत!"

"इथे काढत नाहीत. तसेच भाजतात."

"बाराशे रुपये," मामा म्हणाले, "आणि साफ पण करूक नाय." मग आत वळून मामीला हाक मारली, "अगो, हंय ये, बघ ह्यां काय खातां तां!"