भेटीच्या शनिवारी मुलाला ताप कसा आणावा

घटस्फोटाचा अर्ज पडला, दागिन्यांची यादी झाली, फ्लॅटच्या हप्त्यांवरून दोन तारखा गेल्या. आता राहिलं मूल. ते हाती कसं ठेवायचं, याची ही थोडी तयारी.

घर सोडताना मूल उचलून माहेरी किंवा गावाकडे घेऊन जा. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे अर्ज मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. समोरच्याला पुण्याहून नागपूरच्या फेऱ्या मारू देत. फक्त न्यायाधीशांनी ‘उचलून नेण्याआधी कुठल्या शाळेत होतं?’ एवढं विचारू नये म्हणून देव पाण्यात ठेवा. परदेशातून आणलंत तर आणखी बरं, पळवून नेलेली मुलं मायदेशी परत धाडण्याच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सहीच केलेली नाही. तरीही मिशिगनहून पुण्यात आणलेलं एक मूल सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली आईबरोबर परत धाडलं होतं, ते मात्र घरात कुणाला सांगू नका.

मूल पाच वर्षांखालचं असेल तर 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा त्याचा ताबा साधारणपणे आईकडे देतो. वडिलांनी यावर उपाय म्हणून आईला वेडी, व्यसनी नाहीतर करिअरवाली ठरवावं. गोव्यातल्या एका प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आई नालायक आहे हे वडिलांनीच सिद्ध करायचं. पण आरोप करायला पुरावा कशाला लागतो? आयांनीही पाचव्या वाढदिवसापर्यंत निर्धास्त राहावं. त्यानंतर त्याच कायद्याच्या कलम 13 मधलं ‘पाल्याचं कल्याण’ उरतं, आणि ते तर आपल्या बाजूनेच असतं, दोघांच्याही.

आता मुख्य कला. अंतरिम हुकूम येतो: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास, न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत भेट. शुक्रवारी रात्री साडेदहाला मेसेज टाका, ‘बाळाला ताप आहे’. सोबत थर्मामीटरचा फोटो. पुढच्या खेपेला जुलाब. मग शनिवारचा अबॅकस, स्विमिंग, आजीची पंच्याहत्तरी. ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या, पण त्याच संध्याकाळी मॉलमधला स्टेटस टाकू नका. हे नेमकं सगळे विसरतात. चौथ्या महिन्यात समोरचे वकील तारखांचा तक्ता काढतात आणि ताप फक्त विषम शनिवारी येतो हे वैद्यकशास्त्राला नवं असलेलं सत्य उघड होतं. मग बुडालेल्या भेटी भरून देण्याचा अर्ज, दंड, हुकूम अमलात आणण्याची दरखास्त, अवमान. ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो, आणि भेटी बुडवणं हे तो फिरवायला भक्कम कारण ठरतं. दरम्यान मूल त्या खोलीत येईनासं होतं. तुम्हाला हवं होतं तेच ना?

मुलाची तालीम लवकर सुरू करा. 1890 च्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं. त्यासाठी त्याला चेंबरमध्ये घेतात आणि तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवतात, हाच या पद्धतीतला मोठा दोष. सात वर्षांचा मुलगा ‘बाबांचं वर्तन माझ्या सर्वांगीण विकासास बाधक आहे’ असं धडाधड म्हणतो. न्यायाधीश पेन खाली ठेवून विचारतात, ‘बाधक म्हणजे काय रे?’ मूल दाराकडे बघतं. मग पुढचे प्रश्न येतात, ज्यांची तालीम कुणी दिलेली नसते: डबा कोण भरतं, ताप आला की उशाशी कोण बसतं, बाबांचा फोन आला की कोण उचलतं. विवाह समुपदेशकही तसेच. दारात आईला बिलगून हंबरडा फोडणारी मुलगी दहा मिनिटांत बाबांच्या मांडीवर बसून ठोकळे रचताना दिसली की अहवालात दोन्ही ओळी उतरतात. मुलाचं मन कलुषित करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच लिहून ठेवलंय, तुमचा शोध नवा नाही.

पैशाचं थोडक्यात. पोटगीचा विषय निघाला की पगार आटवा. मात्र 2020 पासून दोघांनाही मालमत्ता-देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात खोटं लिहिलंत तर वेगळी फाईल उघडते. मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं हिंदू विवाह कायदा म्हणतो. नोटीस घेऊच नका. शाळेची फी तोवर शाळा बघेल.

एवढं सगळं नेटाने करत राहिलात तर मूल अठरा वर्षांचं होतं आणि ताब्याचे सगळे अर्ज आपोआप निरर्थक ठरतात. मग त्याला वाटेल तिथे ते राहतं. या निर्णयावर अपील करायला कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम नाही, तेव्हा बँकेच्या लॉकरमधल्या फायली रद्दीत काढायला हरकत नाही.