रक्तातल्या एका आकड्यावरून आयुष्य मोजणारं कोष्टक

मुलुंडच्या मावशीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. बायोप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आला, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ. परळला टाटात दाखवायला जायच्या आधीच घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. त्यातले दावे असे: स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे सहा महिने. क्रोमोग्रॅनिनची (अशा गाठी रक्तात सोडतात त्या प्रथिनाची) रक्ततपासणी केली की किती वर्षं उरली ते कळतं, सोबत कोष्टकही. ही गाठ हळू वाढते, तिला हात लावू नका. साखर सोडली की गाठ सुकते. मावशीने ते वाचलं आणि त्या रात्री जेवली नाही. आता गप्प बसवत नाही.

सहा महिन्यांचं भाकीत ज्याच्या नावावर खपवलंय तो आजारच वेगळा. स्वादुपिंडाचा नेहमी ऐकू येणारा कॅन्सर म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमा, आणि तो खरोखरच क्रूर आहे. मावशीची गाठ त्या जातीची नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने दिलेले आकडे पाहा. 2012 ते 2018 मध्ये निदान झालेल्यांत गाठ स्वादुपिंडापुरती असेल तर पाच वर्षांचं सापेक्ष (म्हणजे हा आजार नसलेल्या लोकांच्या तुलनेतलं) जगण्याचं प्रमाण सुमारे 95 टक्के, आजूबाजूला पसरली असेल तर 72, यकृतासारख्या लांबच्या अवयवात गेली असेल तर 23. शेवटचा आकडा वाईटच आहे, तो लपवायचा नाही. पण तोही सरसकट सहा महिने म्हणत नाही.

आता ते कोष्टक. सगळ्यात जास्त संताप याचाच. क्रोमोग्रॅनिन ए अमुक झालं की इतकी वर्षं, तमुक झालं की इतके महिने! मावशी कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेते. अ‍ॅसिडिटीच्या या गोळ्यांनीच क्रोमोग्रॅनिन वाढतं. किडनी कमजोर असली तरी वाढतं. म्हणजे गाठ तिळभर न वाढता कोष्टकातली वर्षं कमी व्हायची. डॉक्टर हा आकडा बघतात तो इतर तपासण्यांच्या जोडीने, चढ-उतार पाहायला. आणि हे वाचून कुणी गोळी मनाने बंद करू नका. गॅस्ट्रिनोमा, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड वाढवणारी याच प्रकारची गाठ, असेल तर ती अचानक थांबवल्याने अल्सर फुटू शकतो. तपासणीआधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

पुढचा अंदाज बांधायचाच तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये केआय-67 शोधा. किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते त्यावरून कळतं: 3 टक्क्यांच्या खाली ग्रेड 1, 3 ते 20 ग्रेड 2, त्यावर ग्रेड 3. ग्रेड 3 मध्येही पेशी नीट घडलेल्या आहेत की नाहीत हे वेगळं पाहावं लागतं. नीट न घडलेल्या असतील तर ते न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, त्याचा स्वभावही वेगळा आणि उपचारही. मग गाठीचा आकार, पसरणं, ऑपरेशनने पूर्ण निघते का, गॅलियमच्या पेट स्कॅनवर (अशा गाठी शोधणाऱ्या खास स्कॅनवर) उजळते का. उजळली तर ल्युटेशियमच्या, म्हणजे गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या, उपचाराचा विचार होऊ शकतो. हे सगळं एकत्र मांडूनही डॉक्टर शक्यताच सांगतात, तारीख नाही.

'हात लावू नका' यात अर्धं सत्य आहे, मान्य करावंच लागेल. दोन सेंटीमीटरहून लहान, त्रास न देणारी, कमी ग्रेडची गाठ असेल तर काही रुग्णांत तिच्यावर नुसतं लक्ष ठेवतात. पण लक्ष ठेवणं म्हणजे ठरलेल्या वेळी स्कॅन करणं, घरी बसणं नव्हे. अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांना याच प्रकारची गाठ होती. 2003 मध्ये निदान झाल्यावर त्यांनी आहारावर भरवसा ठेवून ऑपरेशन नऊ महिने लांबवलं, आणि 2011 मध्ये ते गेले. आधी केलं असतं तर काय झालं असतं हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्यांचं नाव घेऊन आहाराने गाठ बरी होते असं तरी सांगू नका.

साखरेचा सल्ला तर थेट घातक. इन्सुलिनोमा, म्हणजे जास्तीचं इन्सुलिन सोडणारी गाठ, हाही याच कुळातला. त्यात रक्तातली साखर आपोआप घसरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भान हरपतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तोंडात साखर घालावी लागते. त्या माणसाचं गोड बंद करा म्हणणारा मेसेज पुढे ढकलायचा नसतो, डिलीट करायचा असतो.