बँकॉकच्या स्टुडंट टूरबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, "दिवसभर नुसती देवळं दाखवली, पोरं उन्हात उभी, जेवण साडेतीनला, चतुचक मार्केट नेलंच नाही" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय. फोनवर बोललोच आपण, पण इथे बाकीचे पालकही वाचतात म्हणून इथेही लिहितो.

उन्हात उभं राहावं लागलं ती चूक आमची. ग्रँड पॅलेसमध्ये हाफ पँट, स्लीव्हलेस चालत नाही, हे आम्ही पीडीएफमध्ये पार चौथ्या पानावर टाकलं होतं आणि आदल्या रात्री ग्रुपवर आठवण द्यायची ती राहूनच गेली, मग ९ पोरं गेटवर अडली, समोरच्या दुकानातून हत्तीच्या छापाच्या ढगळ पँटी घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला आणि पुढचं सगळंच लांबलं, जेवणसुद्धा. त्या पँटींचे पैसे आणि सगळ्या ग्रुपच्या त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे आम्ही परत करतोय.

चतुचकचं मात्र पटत नाही. ते मुख्यतः शनिवार-रविवारचं मार्केट, आपला दिवस बुधवारचा, आणि प्रोग्राममध्ये ते नव्हतंच.

आणि "नुसती देवळं" वाचून खरंच वाईट वाटलं हो. पॅलेसच्या आवारात वाट फ्रा केओच्या (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ) ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, तिकडे त्याला रामकियन म्हणतात. आपल्या नागपूरच्या पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा लहानपणापासून बघितलेली ही पोरं, त्यांना तिथला पांढराशुभ्र हनुमान दिसला आणि गाइड म्हणाला की आमच्याकडे हा ब्रह्मचारी नाही, रावणाच्या मुलीच्या, सुवर्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, तर असा वाद पेटला की नावेतून नदी ओलांडून वाट अरुणला उतरलो तरी चालूच. वाट फोमध्ये ४६ मीटर लांब पहुडलेल्या बुद्धांच्या पाठीमागे १०८ वाडगे मांडलेत, एकेकात नाणं टाकत जायचं, सगळीकडे तोच खणखणाट. तुमची लेक मधेच मोजताना चुकली तर परत पहिल्या वाडग्यापाशी गेली आणि शेवटपर्यंत मोजूनच आली, विचारा तिला. हा दिवस आम्ही प्रोग्राममधून काढणार नाही.

पुढच्या बॅचपासून कपड्यांचं मराठीत व्हॉइस नोट करून पाठवू आणि १ वाजता जेवण म्हणजे जेवण, मग एखादं ठिकाण कमी झालं तरी चालेल. पँटीचं बिल असेल तर पाठवा, नसेल तरी पैसे देतोच.