पुठ्ठ्याच्या आतली पानं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून उफाळून येतो. ‘गोऱ्यांनी कागदाचा कपटा न् कपटा जपला, आपण मोडी दफ्तरं वाण्याच्या पुड्यांना लावली,’ असं कुणी लिहितं. लगेच दुसरा ‘त्यांनीच तर आपलं लुटून नेलं’ म्हणत तुटून पडतो. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून दोन्हीकडचा आवाज वाढलाय. मी इंग्लंडात राहते, म्हणून साक्ष माझ्याकडे मागतात.

माझी साक्ष अशी: गोऱ्यांनी जपलं नाही, फाडलं. १५३५ साली आठव्या हेन्रीची माणसं ऑक्सफर्डच्या कॉलेजांची तपासणी करायला गेली. डन्स स्कॉटस हा जुना तत्त्वज्ञ त्यांना डोळ्यांसमोर नको होता. त्यांच्यातला रिचर्ड लेटन हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला पत्रातून कळवतो, की न्यू कॉलेजच्या चौकात स्कॉटसच्या ग्रंथांची पानं वाऱ्यावर उडतायत, आणि एक गृहस्थ ती वेचून नेतायत, हरणं रानाबाहेर जाऊ नयेत म्हणून बुजगावणी करायला! मग मठ बरखास्त झाले. १५४९ मध्ये जॉन बेल, जो स्वतः मठांचा कट्टर विरोधक, तोही कळवळून लिहितो, की मठांतल्या ग्रंथांच्या पानांनी लोक मेणबत्त्यांची घरं घासतात, बूट पुसतात, वाणी आणि साबणवाले ती विकत घेतात. वाण्याच्या पुड्या इथेही होत्याच.

बाइंडरांचा उद्योग तर त्याआधीपासूनचा. छापील पुस्तकं आली तशी हाताने लिहिलेली निरुपयोगी ठरली. पण ती होती चर्मपत्रावर, आणि चर्मपत्र म्हणजे वासराचं किंवा मेंढीचं कातडं, भलतं चिवट. ते कापून पुठ्ठ्याला आतून अस्तर लावायचं, फर्म्यांच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, शिवणीत पट्ट्या घालायच्या.

मी राहते त्या ब्रिस्टलच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयात २०१९ मध्ये असेच सात तुकडे सापडले. ज्याँ गेर्सों या धर्मपंडिताचे ग्रंथ, १४९४ ते १५०२ दरम्यान स्ट्रासबुर्गला छापलेले. आणि त्यांच्या बांधणीत तेराव्या शतकातली जुनी फ्रेंच हस्तलिखित पानं, दंतकथेतला आर्थर राजा आणि जादूगार मर्लिन यांच्या कथेची. कथेत लढाई ऐन भरात आहे, मर्लिनने दिलेलं आग ओकणारं ड्रॅगनचं निशाण घेऊन चढाई होते. पूर्वी ही पानं पुठ्ठ्याला चिकटलेली होती, त्यामुळे अक्षरं खरवडली गेली आहेत. वेगवेगळ्या प्रकाशलहरींत छायाचित्रं घेतली तेव्हा ती वाचता आली. इन्फ्रारेडमध्ये शाई काळीच राहिली, म्हणजे ती काजळीची होती, हेही समजलं. या तुकड्यांवर आता संशोधकांनी अख्खं पुस्तक लिहिलंय.

मला कौतुक वाटतं ते मात्र हस्तलिखितांचे अभ्यासक नील केर यांच्या कामाचं. हा माणूस ऑक्सफर्डच्या बांधण्यांमध्ये अस्तर म्हणून लावलेली पानं एकेक करून पाहत गेला आणि १९५४ मध्ये २०००च्या आसपास तुकड्यांची यादी छापली. कुठल्या पुस्तकात, कुठल्या बाजूला, कसला मजकूर. या यादीवर टाळ्या कोण वाजवणार? पण पुढच्यांना ती पायाला मिळाली.

आपल्याकडे असं कुणी नव्हतं असं म्हणवत नाही. इतिहासकार राजवाडे गावोगाव फिरले, दफ्तरं धुंडाळली, इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. आपण अडतो ते त्यांच्यानंतरच्या रोजच्या कामात. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली कितीतरी ग्रंथालयं आहेत. जुनी पुस्तकं खिळखिळी झाली की बाइंडरकडे जातात, नवा पुठ्ठा चढतो, जुना कचऱ्यात. त्या पुठ्ठ्यांत खळीने एकावर एक चिकटवलेले कागद कसले होते, हे कुणी पाहिलंय? असेल एखादं जमाखर्चाचं मोडी पान, एखाद्या हरवलेल्या नियतकालिकाचं प्रूफ; नसेलही. पाहिल्याशिवाय कसं कळणार?

यासाठी एक्स-रे यंत्र लागत नाही. पुस्तक बांधायला देण्याआधी आतल्या-बाहेरच्या बाजूंचे मोबाइलवर फोटो काढावेत. जुना पुठ्ठा पाकिटात घालून त्यावर दाखल क्रमांक लिहावा, स्वतः सोलत बसू नये. जिल्ह्यात मोडी वाचणारं एक तरी माणूस मानधनावर धरावं. ग्रुपवरच्या निम्म्या जणांची गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत ओळख आहे. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय त्यांनी मांडावा. पाकिटांचा आणि पहिल्या वर्षाच्या मानधनाचा खर्च आम्ही बाहेर राहणारे उचलू.